कुळाचाराविना देव

आठ वर्षांपूर्वीची एक वही अजून माझ्या कपाटात आहे. दोनशे पानी, निळ्या पुठ्ठ्याची. तिच्या पहिल्या काही पानांवर पट्टीने रकाने आखून मी अठरा देव मांडले आहेत. नाव, अधिकार, चिन्ह, शस्त्र, रंग, स्वभाव. युद्धाचा देव आहे, त्याचं चिन्ह तुटलेली ढाल, शस्त्र परशू. समुद्राची देवी आहे, ती चंचल. मृत्यूचा देव आहे, तो अबोल. दोन महिने रोज रात्री जेवणं आटोपली की बसून मी ही पानं भरली. त्या देवांना घेऊन आम्ही पाच जण दीड वर्ष खेळलो. शेवटच्या रविवारी मी सहज विचारलं, तर एकालाही चारापेक्षा जास्त देवांची नावं आठवेनात. ज्या मित्राचं पात्र त्यातल्याच एका देवाचा पुजारी होतं, तोसुद्धा आपल्या देवाला 'तो उजेडवाला' म्हणत होता.

मला ते फार लागलं. मेहनत वाया गेली याचं दुःख होतंच, पण नेमकं काय चुकलं ते कळत नव्हतं याचं जास्त होतं. पुढे वाचत गेले, खेळत गेले, तेव्हा लक्षात आलं की ही चूक या खेळाच्या पन्नास वर्षांत पुन्हा पुन्हा झालेली आहे. आणि एका माणसाने ती फार लवकर ओळखून दुरुस्तही केली होती. हा लेख मुख्यतः त्याच्या कामाबद्दल आहे.

ज्यांनी हा खेळ, म्हणजे रोल-प्लेइंग गेम, पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. टेबलाभोवती चार-पाच जण बसतात. प्रत्येकाचं एक पात्र असतं आणि त्याचा तपशील एका कागदावर लिहिलेला असतो, त्याला कॅरॅक्टर शीट म्हणतात. एक जण गेम मास्टर होतो. पात्रांच्या भोवतीचं सगळं जग त्याच्या ताब्यात : गावं, पाऊस, शत्रू, सराईतला म्हातारा आणि अर्थात देवसुद्धा. पात्र काय करतं ते खेळाडू सांगतो, जमलं की नाही ते फासे सांगतात. पट नाही, सोंगट्या असल्या तर असल्या. सगळा खेळ बोलण्यातून उभा राहतो. पुण्यात आमच्या घरी दर रविवारी संध्याकाळी हे चालतं. चहा होतो, भेळ होते, आणि रात्री साडेदहाला शेजारच्या काकू दार वाजवून आवाज कमी करायला सांगतात.

हा खेळ छापील रूपात पहिल्यांदा आला १९७४ साली. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यातल्या लेक जिनीव्हा या गावी गॅरी गायगॅक्स आणि त्यांचे सहलेखक डेव्ह अर्नेसन यांनी 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' काढला. त्यात क्लेरिक म्हणजे पुजारी होता, पण देवांची नावं नव्हती. हा पुजारी आला तोच मुळी वेगळ्या गरजेतून. अर्नेसनच्या टेबलावर एका खेळाडूचं पात्र रक्तपिपासू व्हॅम्पायर होऊन बसलं, ते कुणाला आवरेना, म्हणून भयपटांतल्या व्हॅम्पायर मारणाऱ्याच्या धर्तीवर क्रूस हाती घेतलेला एक पाद्री आणला गेला. खेळात पुजारी आधी आला आणि देव मागाहून. खेळाडू विचारू लागले, माझा पुजारी नक्की कुणाचा? मग गायगॅक्सने आपल्या ग्रेहॉक या जगात सेंट कथबर्ट आणि फोल्टस असे देव काढून दिले. गरज पडेल तसा एकेक देव. त्यात मला काही गैर वाटत नाही. आपल्याकडेही गावाला साथीची भीती वाटली तेव्हाच मरीआईचं ठाणं वेशीवर आलं.

गडबड झाली ती पुढे. १९७६ मध्ये रॉबर्ट कुंट्झ आणि जेम्स वॉर्ड यांनी देवदेवतांची एक पुरवणी काढली आणि १९८० मध्ये तिचं मोठं पुस्तक झालं, 'डेइटीज अँड डेमिगॉड्स'. ग्रीक, इजिप्शियन, नॉर्स, चिनी अशा देवमंडळांबरोबर त्यात एक प्रकरण भारतीय देवांचंही आहे. इंद्र, अग्नी, वरुण, सूर्य, उषा, यम, काली, विष्णू, लक्ष्मी. प्रत्येकापुढे आकडे. चिलखत किती, वेग किती, आणि हिट पॉइंट्स किती. हिट पॉइंट्स म्हणजे किती मार खाऊन तो पडेल. थोरले देव ४०० च्या घरात. पहिल्या छपाईत हे पुस्तक १४४ पानांचं होतं. त्यातली लव्हक्राफ्ट आणि मूरकॉक यांच्या कथांतली देवमंडळं पुढे काढून टाकली आणि ते १२८ पानांवर आलं. आपली पानं मात्र राहिली.

मी ते प्रकरण प्रथम वाचलं तेव्हा मला राग येईल असं वाटलं होतं. राग आला नाही, परकं वाटलं. लक्ष्मी तिथे होती, पण वसुबारसेपासून भाऊबीजेपर्यंत आमच्या घरात जी असते ती ती नव्हती. कारण त्या पानावर केरसुणी नव्हती. लक्ष्मीपूजनाला नवी केरसुणी आणून तिला हळदकुंकू वाहायचं, तिला पाय लागू द्यायचा नाही, हे ज्या पानावर नाही त्या पानावरची लक्ष्मी कुणाची? लेखकांनी खोटं काही लिहिलं नव्हतं. पुराणांतून जे मिळतं ते त्यांनी आकड्यांत बसवलं होतं. त्यांनी देव घेतले आणि भक्त मागे ठेवले.

माझ्या निळ्या वहीत मी नेमकं हेच केलं होतं, हे कळायला मला स्वयंपाकघरात जावं लागलं. माझ्या माहेरी वांगी बारमास खातात. लग्न होऊन या घरी आले त्या पहिल्या श्रावणात मी मंडईतून छान काटेरी वांगी आणली. सासूबाई म्हणाल्या, "अगं, आपल्यात चंपाषष्ठीपर्यंत चालत नाहीत. शेजारी देऊन टाक." चातुर्मास लागला की वांगं, कांदा, लसूण बंद. मार्गशीर्षातल्या शुद्ध षष्ठीला खंडोबाला वांग्याचं भरीत आणि बाजरीचे रोडगे यांचा नैवेद्य, ताम्हनात भंडारा-खोबरं घेऊन तळी भरायची, आणि मग घरात पुन्हा वांगं शिजायचं. मी जेजुरीला तोवर गेलेलेही नव्हते. खंडोबा घोड्यावर बसतो, त्याने मणी-मल्लाला मारलं, एवढंच मला माहीत होतं. पण चार महिने रोज भाजी निवडताना तो माझ्या हाताशी होता. त्या वर्षीच्या चंपाषष्ठीला भरताचा पहिला घास घेतला तेव्हा हा देव मला कळला, असं मी मनापासून म्हणू शकते.

आता हाच खंडोबा माझ्या रकान्यांत भरून पाहा. अधिकार : युद्ध. शस्त्र : खड्ग. रंग : पिवळा. स्वभाव : कडक. वांगं गेलं, तळी गेली, वाघ्या-मुरळी गेले. म्हाळसा लिंगायत वाण्याची आणि बाणाई धनगराची, त्या दोघींमुळे वाणी आणि धनगर दोघांचंही देवाशी सोयरपण जुळतं, तेही गेलं. उरला तो कुठल्याही जगातला, कुठल्याही घोड्यावरचा कुठलाही योद्धा.

ही चूक लवकर ओळखणारा, सुरुवातीला म्हटलं तो माणूस म्हणजे ग्रेग स्टॅफर्ड. त्याला हे कुणी शिकवलं होतं की त्याचं त्याला उमगलं होतं, सांगता येणार नाही. १९४८ चा जन्म. १९६६ साली विस्कॉन्सिनमधल्याच बेलॉइट कॉलेजात शिकत असताना त्याने एका कल्पित जगाच्या दंतकथा लिहायला घेतल्या. खेळासाठी नव्हे, तसा खेळ तेव्हा अस्तित्वातच नव्हता. पुराणकथांचं त्याला वेड होतं आणि वाचण्यासारख्या होत्या त्या वाचून संपल्यावर तो स्वतःच्या लिहू लागला. त्या जगाचं नाव ग्लोरँथा. प्रकाशक मिळेना, तेव्हा १९७५ मध्ये त्याने केऑसियम ही स्वतःची कंपनी काढून 'व्हाइट बेअर अँड रेड मून' हा पटावरचा युद्धखेळ छापला. १९७८ मध्ये स्टीव्ह पेरिन आणि सहकाऱ्यांनी या जगासाठी 'रूनक्वेस्ट'चे नियम बांधले. आणि १९७९ मध्ये पेरिन आणि स्टॅफर्ड यांचं 'कल्ट्स ऑफ प्रॅक्स' आलं. माझ्या मते कल्पित देव कसे घडवावेत याबद्दल यापेक्षा मोलाचं पुस्तक आजवर झालेलं नाही.

नावातच सगळं आहे. ते देवांचं पुस्तक नाही, पंथांचं आहे. प्रत्येक पंथाची माहिती ठरावीक क्रमाने येते. देवाची कथा आणि इतिहास. मग लगेच, मेल्यावर या पंथाच्या माणसाचं काय होतं आणि प्रेताचं काय करतात. मग, हा पंथ अजून टिकून का आहे, म्हणजे समाजाला त्याचा उपयोग काय. कुणाशी सख्य, कुणाशी वैर. साधा भक्त कोण, दीक्षा कुणाला मिळते, त्यासाठी काय द्यावं लागतं, पुजाऱ्याला काय पाळावं लागतं. कुठले देव याच्या हाताखालचे आणि कुठले याचे पाहुणे. सोबतीला एका व्यापाऱ्याची रोजनिशी. हा बिट्युरिअन वरोश प्रॅक्सच्या माळरानातून माल घेऊन हिंडतो, आणि ज्या पंथाचं प्रकरण आहे त्याची माणसं त्याला वाटेत कुठेतरी भेटतात. ती कशी बोलतात, कशावरून चिडतात, सौदा कसा करतात, हे रोजनिशीतून दिसतं. देव स्वतः कुठेच येत नाही. त्याची माणसं येतात.

दीक्षा घेणं 'रूनक्वेस्ट'मध्ये फुकट नसतं. पात्राच्या कागदावर 'पॉवर' नावाचा एक आकडा असतो, त्याच्या आत्मबळाचा. देवाकडून मोठी शक्ती हवी तर त्यातला काही भाग कायमचा वाहावा लागतो. रबराने खोडून आकडा कमी करताना खेळाडूचा हात थांबतो, हे मी कित्येकदा पाहिलं आहे. नवस बोलणाऱ्याला तो थांबलेला हात ओळखीचा वाटेल. शिवाय डन्जन्समध्ये देवाशी देणंघेणं एकट्या पुजाऱ्याचं असतं, इथे ते सगळ्यांचं आहे. शेतकरी, व्यापारी, लढवय्या, गुराखी, प्रत्येकाचा कुणीतरी देव असतोच. आपल्याला यात नवल वाटत नाही. त्या काळच्या त्या खेळात हे अगदी नवं होतं.

प्रॅक्स म्हणजे ओसाड माळ. तिथे वाहा नावाचा देव आहे, गुराखी जमातींचा. त्याची कथा अशी : महाअंधाराच्या काळात माळ करपला आणि माणसं-जनावरं सगळीच उपाशी मरू लागली. सगळ्यांना पुरेल एवढं उरलंच नव्हतं. वाहाने करार घडवला. प्रत्येक जमातीने आणि तिच्या जनावरांनी आपापसात पैज लावायची. हरेल त्याने गवत खायचं, जिंकेल त्याने गवत खाणाऱ्याला खायचं. बहुतेक ठिकाणी माणसं जिंकली. एका ठिकाणी हरली. तिथे मोरोकांथ नावाचे टॅपिरसारखे प्राणी जिंकले, आणि आजही ते माणसांचे कळप चारतात. ती माणसं बोलत नाहीत, गवत खातात. बाकीच्या जमाती म्हणतात, मोरोकांथांनी पैजेत लबाडी केली. मोरोकांथ म्हणतात, हरलात.

ही कथा वाचून मी त्या रात्री झोपू शकले नाही. एका कथेत त्या माळावरचं खाणं, भीती, मत्सर आणि न्याय सगळं आलं. तिथल्या बायसन पाळणाऱ्या माणसाला आपल्या जनावराकडे पाहताना दरवेळी वाटणार की हे उलटंही झालं असतं.

म्हणून वाहाच्या लोकांच्या कागदावर एक कसब असतं, 'पीसफुल कट'. जनावराला कमीत कमी वेदना देत, त्याच्यासाठी प्रार्थना म्हणत सुरी फिरवणं. नीट झालं तर जनावराचा आत्मा कळपांच्या मातेकडे, एरिथाकडे, परत जातो आणि पुन्हा जन्माला येतो. शंभरात किती टक्के येतं ते कागदावर लिहिलेलं असतं आणि दोन दहा बाजूंचे फासे टाकून ठरतं.

आमच्या टेबलावर गेल्या वर्षी झालेला प्रसंग सांगते. एका मैत्रिणीचं पात्र बायसन जमातीतली गुराखी. दुष्काळ, चार दिवस अन्न नाही. तिने आपली म्हातारी बायसन मारायचं ठरवलं. कसब पंचेचाळीस टक्के. फासे पडले एकाहत्तर. मी हळूच म्हणाले, सुरी अडली, ती ओरडली, प्रार्थना अर्धीच राहिली. मैत्रीण बराच वेळ काही बोललीच नाही. मग म्हणाली, "मी हे मांस खाणार नाही." शहरी व्यापाऱ्याचं पात्र खेळणारा मित्र वैतागला. त्याच्या देवाला असल्या गोष्टीत रस नव्हता. भूक आहे आणि अन्न आहे, मग अडचण कसली? दोघांत अर्धा तास वाद झाला. ती म्हणाली, मेलेल्या जनावराला दुसऱ्यांदा मारल्यासारखं होईल, तो म्हणाला वाया घालवणं हेच पाप. शेवटी तिने मांस बाकीच्यांना दिलं, कातडं स्वतःजवळ ठेवलं, आणि पुढच्या प्रत्येक मुक्कामाला पहिला घास जमिनीवर ठेवू लागली. हे नियमांच्या पुस्तकात कुठेही नाही. तो तिने घातलेला पायंडा. आता तिच्या पात्राची धाकटी बहीण म्हणून आलेलं नवं पात्रही पहिला घास जमिनीवर ठेवतं, कारण 'आमच्यात ठेवतात'.

निळ्या वहीतल्या अठरा देवांच्या वाट्याला दीड वर्षात असा एक अर्धा तास आला नव्हता.

'कल्ट्स ऑफ प्रॅक्स'मधलाच येल्मॅलिओ हा उजेडाचा देव. त्याच्याही लोकांना व्रतं असतात. देवाकडून एखादं वरदान घ्यायचं तर त्याबरोबर एक बंधन घ्यावं लागतं, एखादं अन्न आयुष्यभर वर्ज्य वगैरे. माझ्या वांग्याच्या अनुभवानंतर हे वाचताना काय वाटलं असेल, ते तुम्ही ओळखाल. पण त्याहून सुंदर गोष्ट दुसरीच आहे. पुराणकाळात एका टेकडीवरच्या लढाईत येल्मॅलिओ हरला आणि त्याचा अग्नी त्याच्यापासून हिरावला गेला. उरला तो नुसता उजेड, ऊब नसलेला. म्हणून आज त्याच्या भक्ताला अग्नीचा एकही मंत्र मिळत नाही. देव जे गमावून बसला ते भक्ताला कसं मिळणार? देवाला काय येतं याची यादी सगळेच करतात. त्याने काय गमावलं हा प्रश्न स्टॅफर्डने विचारला, आणि ते गमावलेलं थेट भक्ताच्या कागदावर उतरवलं.

गेम मास्टरला सगळ्यात छळणारा प्रश्न असतो तो हा : देव एवढे समर्थ आहेत तर स्वतः येऊन संकट का निवारत नाहीत? बहुतेक जगांत याचं उत्तर ओढूनताणून दिलेलं असतं. ग्लोरँथात ते मुळातच आहे. वादळाचा देव ऑरलँथ याने सूर्यसम्राट येल्मला मारलं. मृत्यू ही तेव्हा नुकतीच सापडलेली वस्तू होती, तलवारीसारखी. सूर्य गेला, अंधार आणि बर्फ आलं, जगाच्या फटींतून विध्वंस आत शिरला. शेवटी ऑरलँथला आपण काय केलं ते उमगलं. सोबती घेऊन तो पाताळात उतरला, त्यात एक वैद्यबाई, एक पंडित, एक व्यापारी, एक खोडकर देव आणि एक साधा मर्त्य माणूस. ज्याला मारलं त्याच्यापुढे उभं राहून त्याने चुकीची जबाबदारी घेतली. सूर्य परत आला, तो एका तडजोडीवर : यापुढे देव मनाला येईल तसं जगात ढवळाढवळ करणार नाहीत. त्या तडजोडीतून काळ सुरू झाला. तेव्हापासून जे करायचं ते माणसांनी. देव गप्प आहेत कारण ते दिल्या शब्दाला जागताहेत.

आणि हीच कथा येल्मच्या लोकांत ऐकली तर ऑरलँथ हा खुनी बंडखोर. दोन्ही कथा खऱ्या, दोन्हींच्या पूजेला फळ येतं. कोण बरोबर हे पुस्तक सांगत नाही.

स्टॅफर्डच्या जगातला मला सगळ्यात जवळचा वाटणारा भाग मात्र विद्वानांचा आहे. या जगाच्या दुसऱ्या युगात गॉड लर्नर्स नावाचे लोक होऊन गेले. सगळ्या देशांच्या पुराणकथा जमवून त्यांनी त्यांचे सांधे ओळखले आणि सिद्धांत मांडला : ही इथली धान्यदेवी आणि ती तिथली धान्यदेवी, दोन्ही एकच. पडताळा म्हणून त्यांनी दोन प्रांतांच्या देवींची अदलाबदल केली. पिकं गेली. हाहाकार झाला. पुढे त्यांचं साम्राज्यच नामशेष झालं आणि जगाने त्यांचं नावसुद्धा शिवीसारखं वापरलं. स्टॅफर्डने जोसेफ कॅम्बेल मन लावून वाचलेला होता, सगळ्या वीरकथांच्या मुळाशी एकच कथा असते म्हणणारा. त्या विचाराची ओढ आणि त्याचा धोका, दोन्ही स्टॅफर्डला आतून माहीत होतं असं मला वाटतं. तुळजापूरची भवानी, माहूरची रेणुका आणि कोल्हापूरची अंबाबाई आदिशक्तीचीच रूपं, हे आपणही म्हणतो, आणि मनोभावे म्हणतो. पण तुळजापूरचा गोंधळ ज्याच्या घरी घालायचा असतो तो कोल्हापूरला जाऊन येतो आणि 'एकच ते' म्हणून गोंधळ रद्द करतो, असं होत नाही. नवं जग रचणारा माणूस हटकून गॉड लर्नर असतो. इथला झ्यूस घे, तिथला ओडिन घे, नावं बदल. पिकं जातात.

या जगात खेळायला टेबल आणि पाच माणसं जमत नसतील तर एक सोय आहे. १९९९ साली डेव्हिड डनहॅम यांनी ग्लोरँथावर 'किंग ऑफ ड्रॅगन पास' हा संगणकखेळ काढला, आता तो मोबाइलवरही आहे. त्यात एक वाडीवजा कुळ सांभाळायचं असतं. गाई किती, धान्य किती, यंदा कुठल्या देवाला किती गाई वाहायच्या. आणि एखाद्या देवाच्या वाटेने पुराणकाळात उतरायचं असेल तर आधी ती कथा वाचावी लागते, कारण आत गेल्यावर देवाने जे केलं तेच तुम्हाला करायचं असतं. कथा नीट ऐकलेली नसेल तर माणूस हात हलवत परत येतो, कधी जखमी होऊन येतो. व्रत करायचं तर कहाणी ऐकलीच पाहिजे, हे श्रावणात तांदळाचे दाणे हातात धरून बसलेल्या कुणालाही सांगायला नको.

दुसऱ्या एका माणसाबद्दल लिहायला हवं आणि ते जड जातं. एम. ए. आर. बार्कर हे मिनेसोटा विद्यापीठात दक्षिण आशियाई भाषांचे प्राध्यापक होते. त्यांचा उर्दूचा पाठ्यक्रम विद्यार्थी वर्षानुवर्षं वापरत. १९७५ मध्ये आलेलं त्यांचं 'एम्पायर ऑफ द पेटल थ्रोन' हे टेकुमेल नावाच्या जगाचं पुस्तक. तिथे देवळांची जुनी वैरं एका करारनाम्याने बांधलेली आहेत, आणि पाप-पुण्याऐवजी माणूस आपल्या कुळाला आणि देवळाला साजेसं वागला का, हा प्रश्न असतो. भाषा, कुळं, देवळांची उतरंड सगळं एका अभ्यासकाच्या हातचं. मी त्यातून पुष्कळ शिकले. २०१२ मध्ये ते वारले, आणि २०२२ मध्ये त्यांच्या जगाची देखभाल करणाऱ्या संस्थेनेच जाहीर केलं की १९९१ मध्ये टोपणनावाने त्यांनी एक नाझीधार्जिणी कादंबरी लिहिली होती. तेव्हापासून मी ते पुस्तक टेबलावर आणलेलं नाही. शिकलेलं विसरता येत नाही, पण ते जग मला आता राहण्यासारखं वाटत नाही.

फॉरगॉटन रेल्म्स या अतिशय लोकप्रिय जगाची गोष्ट थोडक्यात सांगण्यासारखी आहे. १९८९ मध्ये डन्जन्स अँड ड्रॅगन्सचे नियम बदलले. मग जगात ते कसे बदलले याचं कारण हवं, म्हणून देवांना स्वर्गातून हाकलून पृथ्वीवर पाठवलं गेलं. नव्या नियमांत मारेकऱ्यांचा वर्ग नव्हता, तेव्हा त्या जगातले मारेकरी एका फटक्यात मेले. त्या कादंबऱ्या खूप खपल्या. माझं मत असं की देवांनी नियमांच्या पुस्तकाची चाकरी करणं हे कारागिरीचं अपयश आहे.

याउलट, सिंधुदुर्गात वेंगुर्ल्याजवळ आरवलीला वेतोबाचं देऊळ आहे. तिथे देवाला नवसाच्या चपला वाहतात, भल्या मोठ्या, चामड्याच्या. रात्री देव गावाची राखण करायला हिंडतो, चालून चालून त्याच्या चपला झिजतात, म्हणून नव्या द्यायच्या. तीन वर्षांपूर्वी मी तिथे गेले तेव्हा गाभाऱ्याजवळ मांडलेल्या त्या चपलांसमोर बराच वेळ उभी राहिले. कुणाही गेम मास्टरने, अगदी स्टॅफर्डनेही, यापेक्षा चांगला तपशील लिहिलेला मला माहीत नाही. चामड्याचं एक पायताण, आणि त्यात देवाचं काम, गावाची भीती, चांभाराचा धंदा आणि भक्ताचं कर्तव्य.

स्टॅफर्ड १० ऑक्टोबर २०१८ रोजी कॅलिफोर्नियात आर्काटा इथे गेला. घराच्या आवारातल्या घर्मकुटीत, म्हणजे आदिवासी अमेरिकन परंपरेतल्या वाफेच्या झोपडीत, विधी करताना. पुराणकथा त्याने आयुष्यभर खेळासाठी वापरल्या आणि स्वतःही मानल्या. हे दोन्ही एका माणसात असू शकतं, हे पटायला आपल्याला जड जाऊ नये. दशावतारात संकासुर होणारा नट रंगात येण्याआधी नमस्कार करतोच.

निळी वही मी टाकली नाही. तिच्या शेवटच्या पानांवरून उलट्या बाजूने नवं जग लिहायला घेतलं आहे. दोन वर्षांत देव तीनच झाले. पहिल्याच्या लोकांत ओल्या पायाने उंबरा ओलांडत नाहीत. दुसरी देवी विहिरीची, तिच्या नावाने दर आठवड्याला एक घागर न वापरता ओतून द्यावी लागते, अगदी उन्हाळ्यातही, आणि त्यावरून शेजारच्या गावाशी भांडण आहे. तिसऱ्याला अजून नाव मिळालेलं नाही. त्याच्या माणसांना मीठ कुणाच्या हातातून घेता येत नाही, एवढंच ठरलं आहे. का, ते टेबलावर कळेल.

वाचणाऱ्यांना एक विनंती. या दिवाळीत घरात सगळे जमतील तेव्हा थोरल्या माणसांना विचारा : आपल्यात काय चालत नाही, केव्हापासून, कुणाच्या नावाने? जे सांगतील ते त्यांच्याच शब्दांत वहीत उतरवून घ्या. आमच्याकडे वांग्याचं कारण सासूबाईंना त्यांच्या सासूबाईंनी सांगितलं होतं, आणि त्या दोघींपैकी कुणीच ते लिहून ठेवलेलं नाही. मी या चंपाषष्ठीला लिहिणार आहे.